हडफड्यातला तिसरा

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात रशियन माणसाचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. पाऊस ओसरला की मोरजी, आश्वे, मांदे, हरमल या किनारपट्टीवर रशियन लिपीतल्या पाट्या दिसू लागतात, भाड्याच्या स्कूटरवरून गोरी कुटुंबं बाजाराला निघतात. आमच्या डिचोलीच्या बाजूला ती फारशी फिरकत नाहीत. इकडे समुद्र नाही. इकडे खाणी आहेत, मये तलाव आहे, देवळं आहेत. त्यामुळे आमच्या शिरगावच्या माणसाच्या डोक्यातला रशियन म्हणजे सुट्टीवर आलेला, ऊन खाणारा, मार्चअखेरीस परत जाणारा पाहुणा.

2025 च्या नोव्हेंबरात बार्देशातल्या हडफड्याला जो रशियन आला, तो सुट्टीवर नव्हता. आंद्रे एसिपेन्को, वय 23. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून 25 तारखेपर्यंत तो एका हॉटेलच्या सभागृहात चौसष्ट घरांसमोर बसून राहिला. जाताना त्याने बरोबर जे नेलं, ते त्याला दोन वर्षांपूर्वी थोडक्यात हुकलं होतं.

बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला ही आपल्याकडची त्या वर्षातली मोठी क्रीडाघटना होती. पणजी-म्हापशाच्या वर्तमानपत्रांनी ती छापलीही. पण ती छापली गेली भारतीय खेळाडूंच्या अंगाने, आणि ते साहजिकच होतं. गुकेश जगज्जेता, अर्जुन एरिगैसी आणि प्रज्ञानंद जगातल्या अव्वल खेळाडूंत गणले जाणारे. नागपूरची दिव्या देशमुख त्याच वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकून आलेली, नाशिकचा विदित गुजराथी आपला घरचा. कार्लसन, कारुआना, नाकामुरा आलेच नव्हते. मग एसिपेन्कोकडे कोण बघणार? मी बघत राहिलो. का, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी स्पर्धेची रीत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून त्याच्या कामगिरीचं वजन कळणार नाही. 206 खेळाडू, आठ फेऱ्या, आणि बाद पद्धत. प्रत्येक फेरीत दोघांत दोन संथ डाव व्हायचे, एक पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि एक काळ्या. पहिल्या चाळीस चालींना दीड तास, पुढे अर्धा तास, आणि प्रत्येक चालीमागे तीस सेकंदांची भर. दोन डावांनंतर बरोबरी राहिली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक, म्हणजे पंधरा मिनिटांचे डाव, तरीही सुटलं नाही तर दहा मिनिटांचे, मग पाच मिनिटांचे, मग तीन. हरला तो त्याच रात्री बॅग भरतो. इथे गुणतक्त्यात हळूहळू वर सरकण्याची सोय नाही. साखळी स्पर्धेत एक वाईट दिवस पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. बाद स्पर्धेत वाईट दिवसाला पुढचा आठवडा नसतो.

यान नेपोम्नियाचीचं काय झालं ते आठवून पाहा. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा दोनदा जिंकलेला, 2021 मध्ये दुबईत आणि 2023 मध्ये अस्तानात जगज्जेतेपदासाठी खेळलेला हा रशियाचा सर्वांत मोठा समकालीन खेळाडू. दुसऱ्याच फेरीत कोलकात्याच्या दीप्तायन घोषने त्याला घरी पाठवलं. पुढे तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून खुद्द गुकेश हरला. चौथ्या फेरीत प्रज्ञानंदला रशियाच्याच दानिल दुबोवने बाहेर काढलं. विदितने दुसऱ्या फेरीत अर्जेंटिनाच्या फाउस्तिनो ओरो या बारा वर्षांच्या मुलाला टायब्रेकमध्ये थोपवलं आणि तिसऱ्या फेरीत अमेरिकेच्या सॅम शँकलँडसमोर टायब्रेकमध्येच हरला. दिव्याची वाटचाल पहिल्याच फेरीत संपली. पहिल्या चार फेऱ्यांतच नावांची नुसती पडझड झाली.

या पडझडीत एसिपेन्को उभा राहिला. तो नावाजलेला होता, पण स्पर्धा सुरू होताना कुणाच्या भाकितात नव्हता.

त्याचा जन्म 22 मार्च 2002 चा, नोवोचेर्कास्क या शहरातला. डॉन नदीच्या मुलखातलं, रोस्तोव प्रांतातलं हे जुनं कोसॅक शहर. आजच्या रशियात त्याची ओळख विजेवरची रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कारखान्याचं शहर अशी आहे. मॉस्को-पीटर्सबर्गपासून दूर, कामगारांचं गाव. अशा गावातूनही ग्रँडमास्टर निघतो, याला रशियातली जुनी घडी कारणीभूत आहे. सोव्हिएत काळात गावोगावी पायोनियर या बालसंघटनेतल्या मुलांसाठी जे वाडे उभे राहिले, त्यांत नाच-गाण्याच्या आणि विमानांचे नमुने बनवण्याच्या वर्गांशेजारी बुद्धिबळाचा वर्ग असायचा. तिथे पगारी शिक्षक असायचा, आणि हुशार मूल दिसलं की तो त्याला वरच्या पायरीवर पाठवायचा. सगळ्यात वरच्या पायरीवर बोत्विन्निकची शाळा होती. कार्पोव्ह, कास्पारोव्ह, क्रामनिक हे तिघेही जगज्जेते तिथून गेले. देश मोडला, वाडे ओस पडले, काही ठिकाणी त्यांची दुकानं झाली. पण शिक्षकांची परंपरा पुरती तुटली नाही. याच घडीचा एक शिंतोडा भारतावरही उडाला होता. मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाचा क्लब होता आणि लहानपणी विश्वनाथन आनंद तिथे खेळायला जायचा. हडफड्यातल्या विजेत्याच्या चषकाला आता त्याच आनंदचं नाव दिलेलं होतं.

एसिपेन्को 2017 मध्ये सोळा वर्षांखालील मुलांचा जगज्जेता झाला, 2018 मध्ये ग्रँडमास्टर. जगाने त्याचं नाव नीट लिहून घेतलं ते 24 जानेवारी 2021 ला. नेदरलँड्समधलं वाइक आन झे हे समुद्रकाठचं थंड, वाऱ्याचं गाव. तिथे दर जानेवारीत भरणारी टाटा स्टीलची स्पर्धा बुद्धिबळातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक आहे. महामारीमुळे त्या वर्षी प्रेक्षक नव्हते. आठव्या फेरीत अठरा वर्षांच्या एसिपेन्कोकडे पांढरी मोहरी होती आणि समोर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन होता. कार्लसनने सिसिलियन बचाव घेतला, म्हणजे त्याला लढायचं होतं. एसिपेन्को लढाईला तयार होता. जगज्जेत्याला त्याने असं हरवलं की बघणाऱ्यांना वेगळं विश्लेषण लागलं नाही. हरण्याआधी बराच वेळ कार्लसनचा डाव मोडलेला होता आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. स्पर्धा संपली तेव्हा एसिपेन्कोचे आठ गुण होते आणि तो कारुआना, फिरुझा यांच्यासह तिसऱ्या ते पाचव्या स्थानावर होता.

त्याच उन्हाळ्यात सोचीच्या विश्वचषकात कार्लसन आणि तो पुन्हा भेटले. या वेळी टायब्रेकमध्ये कार्लसनने हिशेब चुकता केला.

इथून पुढच्या त्याच्या कारकिर्दीवर खेळाबाहेरची सावली आहे. 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. चाळीसहून अधिक रशियन बुद्धिबळपटूंनी युद्ध थांबवा असं सांगणारं खुलं पत्र स्वतःच्या राष्ट्राध्यक्षांना लिहिलं. त्या देशात तेव्हा हे किती धाडसाचं होतं ते वेगळं सांगायला नको. जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, रशियाचा ध्वज स्पर्धांतून काढला. रशियन संघ ऑलिंपियाडमधून गेला. काही खेळाडूंनी देश बदलला. अलेक्सेई साराना सर्बियाकडून खेळू लागला, व्लादिमिर फेदोसेव स्लोव्हेनियाकडून, महिलांची माजी जगज्जेती अलेक्सांद्रा कोस्तेन्युक स्वित्झर्लंडकडून. जे राहिले ते फिडेच्या ध्वजाखाली खेळू लागले. हडफड्यातही एसिपेन्कोच्या नावापुढे कुठल्या देशाचा झेंडा नव्हता. वीस ते चोवीस ही खेळाडूची चढती वर्षं. ती वर्षं व्हिसाच्या रांगेत, बदललेल्या विमानमार्गांत आणि संघाविना गेली तर त्याच्यावर काय परिणाम होतो, हे गुणतक्त्यात दिसत नाही. युक्रेनच्या खेळाडूंनी याच काळात जे सोसलं त्याच्याशी याची बरोबरी होत नाही, हे मी स्पष्टपणे लिहितो. पण एसिपेन्कोची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर ही वर्षं वगळून चालणार नाही.

आता 2023 च्या शरद ऋतूकडे येऊ. आयल ऑफ मॅनला ग्रँड स्विस स्पर्धा झाली. अकरा फेऱ्या, आणि पहिल्या दोघांना कँडिडेट्समध्ये प्रवेश. कँडिडेट्स म्हणजे आठच खेळाडूंची स्पर्धा, आणि तिचा विजेता जगज्जेत्याला आव्हान देतो. व्यावसायिक बुद्धिबळपटूच्या आयुष्यात यापेक्षा मोठं दार नाही. मराठी वाचकांना ती स्पर्धा आठवत असेल, कारण ती आपल्या विदितने जिंकली. पहिलाच डाव हरून त्याने शेवटी साडेआठ गुण केले होते. दुसरा आला नाकामुरा, आठ गुणांनी. साडेसात गुणांवर बरेच जण होते आणि त्यांत पहिला, म्हणजे एकूण तिसरा, होता एसिपेन्को.

विदित टोरंटोला गेला. तिसरा घरी राहिला.

म्हणून हडफड्याच्या स्पर्धेचा नियम वाचल्यावर मी या मुलाचा मागोवा घेऊ लागलो. या विश्वचषकातून पहिले तिघं कँडिडेट्सला जाणार होते. जे स्थान आयल ऑफ मॅनला कामाचं नव्हतं, ते गोव्यात सोन्याचं होतं.

शिरगावहून अस्नोडा, थिवी, म्हापसा करत हडफडे गाठायचं. टायब्रेकचे दिवस सोडले तर तिथे बघण्यासारखं काही नाही, असं बुद्धिबळ न खेळणारा म्हणेल. जमलेल्या माणसांत लहान मुलं आणि त्यांचे आईबाप जास्त असायचे. आत जायचं तर फोन, घड्याळ, सगळं बाहेर. खेळाडूंची झडतीही यंत्राने होते, कारण आज खिशातल्या फोनमध्ये जगज्जेत्यापेक्षा बलवान खेळाडू बसलेला असतो. मोहऱ्यांखाली नेहमीचा दिसणारा पट तारेने जोडलेला असतो. चाल झाली की ती त्याच क्षणी जगभर पोचते. पण खेळाडूला चाल हातानेच कागदावर उतरवावी लागते, आणि हा नियम अजून कुणी काढलेला नाही.

त्या पटावरची एक गोष्ट मला फार आवडते. डाव संपला की दोघं हात मिळवतात, पत्रकांवर सह्या करतात आणि मग पंच दोन्ही राजे उचलून पटाच्या मधोमध ठेवतात. पांढरा जिंकला असेल तर दोन्ही राजे मधल्या चार घरांपैकी पांढऱ्या घरांत, काळा जिंकला असेल तर काळ्या घरांत, बरोबरी झाली तर एक पांढऱ्यात आणि एक काळ्यात. तारेतून निकाल नोंदवायची ही खूण आहे. पण लांबून बघणाऱ्याला गुणफलक वाचावा लागत नाही. ओळीने मांडलेल्या पटांवर नजर फिरवली की कोण राहिलं आणि कोण गेलं ते समजतं. डावात जे दोन राजे कधीच शेजारी येऊ शकत नाहीत, ते डाव संपल्यावर मधोमध जवळजवळ उभे असतात.

चौथ्या फेरीत एसिपेन्कोसमोर जर्मनीचा व्हिन्सेंट कायमर होता. त्या वर्षी कायमर आयुष्यातलं सर्वोत्तम खेळत होता आणि मानांकनातही बराच वर होता. तो गेला. पाचव्या फेरीत अलेक्सेई ग्रेबनेव समोर आला. हाही रशियन, त्याच्याहून लहान, तोही झेंड्याविना. दोन रशियन मुलं उत्तर गोव्यात एकमेकांना बाद करायला बसली, आणि त्यांतला मोठा पुढे गेला. उपांत्यपूर्व फेरीत शँकलँड, ज्याने विदितला आणि मग दुबोवला हरवलं होतं. त्या फेरीच्या चारही लढती टायब्रेकमध्ये गेल्या. अर्जुन त्याच दिवशी चीनच्या वेई यीकडून हरला आणि स्पर्धेतला शेवटचा भारतीय गेला. पुढच्या फेरीला बघणारी गर्दी पातळ झाली, ते मला लागलं. खेळ तर आता कुठे तापत होता.

टायब्रेकची तयारी म्हणजे काय, हे शिरगावच्या माणसाला सांगायला सोपं आहे. लईराई देवीच्या जत्रेआधी धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, व्रत पाळतात, वेगळं राहतात, वेगळं शिजवतात, आणि मग होमखणाच्या निखाऱ्यांतून चालत जातात. निखाऱ्यावरची पावलं मोजकी असतात, त्याआधीचे दिवस लांब असतात. विश्वचषक खेळणाऱ्याचे तीन आठवडे तसेच जातात. ठराविक जेवण, ठराविक फेरफटका, संध्याकाळी संगणकावर प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या डावांचा अभ्यास. आणि शेवटी पंधरा मिनिटांचा एक डाव.

उपांत्य फेरीत एसिपेन्को त्या डावांत हरला. वेई यीने त्याला टायब्रेकमध्ये थांबवलं. दुसऱ्या बाजूला उझबेकिस्तानचे दोन मित्र समोरासमोर आले आणि जावोखिर सिंदारोवने नोदिरबेक याकुब्बोएवला टायब्रेकमध्येच हरवलं. सिंदारोव आणि वेई यी अंतिम फेरीत गेले, आणि अंतिम फेरीत गेले म्हणजे कँडिडेट्समध्येही गेले. उरली एक जागा आणि हरलेले दोघं.

आमच्या शेजारचा सहावीतला मुलगा आमच्या पडवीत बसून फोनवर डाव बघायचा. उपांत्य फेरी संपली तेव्हा त्याने मला विचारलं, "काका, आता तिसऱ्या नंबरासाठी कशाला खेळतात? हरलेच ना ते?" मी त्याला कँडिडेट्सचं सांगितलं. तो थोडा विचार करून म्हणाला, "म्हणजे ही मॅच फायनलपेक्षा मोठी."

त्याचं बरोबर होतं. अंतिम सामन्यातल्या दोघांची झोप सुरक्षित होती. चषक, पहिल्या क्रमांकाचे एक लाख वीस हजार डॉलर आणि मान यांसाठी ते खेळणार होते. तिसऱ्या जागेच्या सामन्यात मात्र एकाचं दार उघडणार होतं आणि दुसऱ्याचं बंद होणार होतं, बहुधा दोन वर्षांसाठी. आणि हा सामना खेळायचा होता हरल्याच्या दुसऱ्या दिवशी. 23 तारखेला टायब्रेक हरायचा आणि 24 तारखेला पुन्हा पटावर बसायचं. मधे विश्रांतीचा दिवस नाही. एसिपेन्कोच्या अख्ख्या कारकिर्दीचा कस याच एका रात्रीत लागला असं मला वाटतं, कार्लसनला हरवलं त्या दिवशी नाही. अठराव्या वर्षी कार्लसनला हरवताना त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं. आता गमावण्यासारखं सगळं होतं आणि आदल्या दिवशीची हार अंगावर ताजी होती.

24 ला तो जिंकला. 25 ला पुन्हा जिंकला. दोन संथ डाव, दोन विजय, टायब्रेकची गरजच पडू दिली नाही. या पातळीवर, इतक्या ताणाखाली, ग्रँडमास्टर सहसा एक डाव जिंकला की दुसऱ्यात बरोबरी उरकून बाहेर पडतात, आणि त्यात गैर काही नाही. त्याने दुसराही जिंकला. 26 ला सिंदारोवने वेई यीला टायब्रेकमध्ये हरवून चषक घेतला. एकोणीस वर्षांचा, विश्वचषकाच्या इतिहासातला सर्वांत तरुण विजेता. छायाचित्रं त्याची छापून आली, आणि ती यायलाच हवी होती. पण मला त्या महिन्यातला सर्वांत कठीण विजय आदल्या दिवशीचा वाटतो.

गोव्याला हे नवं नाही, हेही नोंदवायला हवं. 2002 मध्ये वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा इथेच झाली होती आणि ती जिंकली होती आर्मेनियाच्या लेव्हॉन अरोनियनने. पुढे तो दोनदा विश्वचषक जिंकला. 2025 ला तो पुन्हा आला, या वेळी अमेरिकेचा खेळाडू म्हणून, आणि पाचव्या फेरीत अर्जुनकडून हरला. तेवीस वर्षांपूर्वी इथे जिंकलेला मुलगा तेवीस वर्षांनी इथेच एका तरुणाकडून बाद होतो. गोव्याच्या जमिनीवर जागतिक बुद्धिबळाचा इतका मोठा पट मांडला गेला आहे आणि आपण तो पुरता वाचलेला नाही.

आणि गोव्याचे स्वतःचे खेळाडू? इव्हाना फुर्तादो 2006 आणि 2007 अशी लागोपाठ दोन वर्षं आठ वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. भक्ती कुलकर्णी 2016 ची आशियाई विजेती, 2022 च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात, आणि त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराची मानकरी. अनुराग म्हामल 2017 मध्ये गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर. लियॉन ल्यूक मेंडोन्सा चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. महामारीत तो वडिलांबरोबर युरोपातच अडकला होता आणि अडकून बसण्याऐवजी तिथे एकामागून एक स्पर्धा खेळत राहिला. 2024 मध्ये लियॉनने वाइक आन झेचा दुय्यम गट जिंकला आणि 2025 ला मुख्य गटात बसला, जिथे चार वर्षांपूर्वी एसिपेन्कोने कार्लसनला हरवलं होतं. गोव्याचा मुलगा त्या पटापर्यंत पोचला, आणि ते फार कमी गोवेकरांना ठाऊक आहे.

लियॉनला मुळात युरोपात जावं का लागलं? ग्रँडमास्टर होण्यासाठी 2500 चं रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे साधारण नऊ डावांच्या स्पर्धेत 2600 च्या तोडीचा खेळ, आणि प्रतिस्पर्ध्यांत किमान तीन ग्रँडमास्टर आणि वेगवेगळ्या देशांचे खेळाडू. अशा स्पर्धा घराजवळ नसतील तर मुलाला सर्बियाला, हंगेरीला, स्पेनला न्यावं लागतं. बरोबर आई किंवा बाप जातो. दोघांची तिकिटं, हॉटेल, प्रवेश शुल्क, आणि तिथल्या दिवसांची बुडालेली मजुरी किंवा रजा. पणजीच्या नोकरदार घराला हे जड जातं. 2012 ला खाणी बंद पडल्यावर ट्रकाचे हप्ते थकलेल्या आमच्या भागातल्या घराला तर विचारही करता येत नाही. नोवोचेर्कास्कच्या मुलाला गावातच वर्ग मिळतो आणि शिरगावच्या मुलाला फोनवरचा डाव मिळतो, हा फरक हुशारीचा नाही.

2018 आणि 2019 ला जूनमध्ये गोव्यात आंतरराष्ट्रीय खुली ग्रँडमास्टर स्पर्धा झाली, दुसरी मनोहर पर्रीकरांच्या स्मरणार्थ. परदेशी ग्रँडमास्टर पावसाळ्यात, हॉटेलं रिकामी असताना, इथे आले आणि आमच्या मुलांना त्यांच्यासमोर बसता आलं. अशी स्पर्धा गोव्यात खंड न पडता दरवर्षी व्हायला हवी. डिचोलीत आणि पेडण्यात तालुक्याच्या ठिकाणी एकेक पगारी प्रशिक्षक हवा, शाळेच्या वेळेनंतर दोन तास. विश्वचषकासाठी जे लागलं त्याच्या मानाने हा खर्च नगण्य आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्याला येणाऱ्या रशियनांतही नक्कीच कुणी लहानपणी वर्गात शिकलेला, चांगल्या रेटिंगचा खेळाडू असणार. मोरजीच्या पंचायतीने एखाद्या रविवारी पट मांडून त्यांना बोलावलं तर ते येतील.

शेजारच्या मुलाने नोव्हेंबरनंतर एक वही केली आहे. तीत त्याने याकुब्बोएवविरुद्धचे एसिपेन्कोचे दोन्ही डाव उतरवून घेतले आहेत, पहिल्यापासून शेवटच्या चालीपर्यंत. अंतिम सामन्याचा एकही डाव तीत नाही. ते डाव तो रोज पटावर मांडतो, याकुब्बोएवच्या बाजूने बसतो, आणि त्याने कुठे वेगळी चाल करायला हवी होती ते शोधतो. परवा त्याला एक सापडली असं तो म्हणाला. मी ती संगणकावर तपासली नाही. आम्ही दोघांनी ती पटावर मांडली आणि जेवायची हाक येईपर्यंत खेळत बसलो.